जे पात्र नाहीच, त्याचे सामर्थ्य ठरवायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या अद्भुतकथेत तीन पात्रांचे सामर्थ्य नसण्यातून आलेले आहे. एका सेनापतीचे अस्तित्व जगातून पुसून टाकण्यात आले आहे. एक मुलगी अजून जन्मालाच आलेली नसताना घटनांमध्ये हस्तक्षेप करते. तिसऱ्याला तुम्ही नुसते ‘ते’ म्हणता, कारण त्याच्याविषयी ‘आहे’ असे म्हणताच येत नाही. आता या तिघांची गाठ पडणार आहे, आणि कोण कोणावर मात करील हे ठरवण्यासाठी तुम्हाला अनस्तित्वाची चढती श्रेणी हवी आहे. अशी हस्तलिखिते आणि खेळांच्या नियमावल्या तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, म्हणून स्पष्टच सांगतो की श्रेणी लावण्याच्या भानगडीत पडू नका. श्रेणी लावली की लेखक अधिकाधिक निखळ नसण्याच्या मागे लागतो, प्रत्येक नवे पात्र आधीच्या पात्राहून जास्त नसलेले होत जाते, आणि अखेरीस कोणाच्याच हातून काही घडू शकत नाही. तुम्हाला गरज आहे ती प्रकार वेगळे करण्याची, कारण प्रत्येक प्रकाराला स्वतःची मर्यादा असते आणि कथेतील संघर्ष त्या मर्यादेवरच उभा राहतो.

सुरुवातीला एक चाळणी लावावी लागते, कारण नसण्याच्या नावाखाली कितीतरी निराळी सामर्थ्ये खपून जातात. अदृश्य माणूस असतोच. त्याच्या पायाखालचे गवत दबते. भिंतीतून आरपार जाणारे भूतही असते, फक्त त्याला स्पर्श नसतो. निर्वात पोकळीला अनस्तित्व म्हणणे तर पदार्थविज्ञानालाही धरून नाही. हेंड्रिक काझिमिर या डच शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये असे भाकीत केले की पोकळीत अगदी जवळ ठेवलेल्या, विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील, आणि पुढे प्रयोगांतून ते खरे ठरले. म्हणजे पोकळीही काहीतरी करते. शून्याचीही तीच गत आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले, आणि ज्याला नियम लागू पडतात ते गणितात नांदत असतेच. अशी सामर्थ्ये असलेली पात्रे बाजूला काढली की खऱ्या अर्थाने नसलेली पात्रे फार थोडी उरतात, आणि तीच आपल्या विचाराचा विषय आहेत.

या उरलेल्यांसाठी न्याय-वैशेषिक या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञान-दर्शनांनी केलेल्या अभावविचारापेक्षा, म्हणजे नसण्याच्या विचारापेक्षा, उपयोगी साधन मला आजवर सापडलेले नाही. जुन्या वैशेषिकांच्या यादीत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ, म्हणजे जगातील गोष्टींचे मूलभूत वर्ग, होते. पुढच्या काळात अभाव हा सातवा पदार्थ म्हणून मान्य झाला आणि सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्याचे चार प्रकार अगदी मोजक्या शब्दांत आले. या विचाराचे मूळ सूत्र असे की नुसता अभाव नसतोच. अभाव नेहमी कशाचा तरी आणि कुठेतरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, आणि जिथे अभाव ते अधिकरण. जमिनीवर घडा नाही, यात घडा प्रतियोगी आणि जमीन अधिकरण. ‘हे पात्र अस्तित्वात नाही’ एवढे वाक्य लिहून लेखक थांबतो तेव्हा त्याने अधिकरण सांगितलेले नसते, आणि पुढचे बहुतेक घोटाळे तिथून सुरू होतात.

याशिवाय नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, आणखी एक प्रश्न विचारतात, आणि कथालेखकाला तो फार मोलाचा आहे: कोणत्या संबंधाने नाही? जमिनीवर ठेवलेला घडा संयोगाने, म्हणजे नुसत्या टेकण्याने, जमिनीवर आहे, पण समवायाने, म्हणजे अवयवी जसा आपल्या अवयवांत राहतो तसा, तो तिथे नाही. तो राहतो आपल्या कपालांत, म्हणजे ज्या दोन अर्धुकांपासून तो घडला त्यांत. म्हणजे एकच वस्तू एकाच जागी, एकाच क्षणी, एका संबंधाने असते आणि दुसऱ्या संबंधाने नसते, आणि यात विरोध मुळीच नाही. आता हे पात्राला लावून पाहा. एक तरुण आपल्याच घराच्या दालनात उभा आहे. संयोगाने तो तिथे आहे, त्याचे पाऊल फरशीवर उमटते, दार त्याच्या हाताने उघडते. मात्र ‘मुलगा’ या संबंधाने तो त्या घरात नाही. आई त्याला पाणी देते ते परक्याला द्यावे तसे. वंशावळीत त्याच्या नावाची जागा खाडाखोड करून मोकळी केलेली नाही, ती कधी नव्हतीच, आणि वारसाला बांधणारा शाप त्याला बांधू शकत नाही. हे पात्र मेलेले नाही आणि अदृश्यही नाही, तरी त्याचे नसणे खरे आहे आणि त्यातून मिळणारे सामर्थ्य नेमके आहे. माझ्या मते संबंधाने मर्यादित केलेले असे नसणे सर्वस्वी नसण्यापेक्षा कथेत कितीतरी जास्त काम करते.

तुमची न जन्मलेली मुलगी प्रागभावात बसते. कार्य उत्पन्न होण्यापूर्वीचा त्याचा अभाव तो प्रागभाव; त्याला आरंभ नाही, पण अंत आहे, आणि वस्तूची उत्पत्ती हाच त्याचा अंत. मुलीला कोणतेही शस्त्र लागत नाही, कारण लागायला देह नाही. तिला कैद करता येत नाही. तिचे वयही होत नाही. मग तिचे हे सामर्थ्य संपवायचे कसे? तिला जन्म देऊन, कारण जन्माशिवाय तिच्या प्रागभावाचा शेवटच नाही. तिच्या शत्रूंना तिच्या आईचे रक्षण करावे लागेल, तिच्यासाठी सुईण शोधावी लागेल, प्रसूती सुखरूप व्हावी म्हणून रात्र जागावी लागेल. हे सामर्थ्य ज्याने निवडले त्या लेखकाच्या पदरात असे कथानक आपोआप पडते, आणि तरी बहुतेक हस्तलिखितांत शत्रू त्या पात्रावर अधिक मोठे अस्त्र सोडताना दिसतो.

आणखी एक बारकावा आहे. प्रागभाव राहतो कुठे? नैयायिकांच्या मते तो त्या कार्याच्या उपादानात, म्हणजे ज्यापासून ते घडते त्यात, राहतो. वस्त्राचा प्रागभाव तंतूंत असतो, घड्याचा कपालांत. म्हणून तुमच्या मुलीचा ठावठिकाणा आहे, आणि तो तिच्या भावी आईवडिलांत आहे. शत्रूने आईलाच मारले तर काय होईल? प्रागभाव मानला जातो तो पुढे खरोखर उत्पन्न होणाऱ्या वस्तूचाच. आई गेली की मुलगी ‘अजून नाही’ या वर्गातून ‘कधीच नाही’ या वर्गात जाते, आणि ती आजच जात नाही, तर आधीपासून तिथेच होती असे ठरते. मग तिसऱ्या प्रकरणात तिने जे पत्र जाळले ते कोणी जाळले? याचे उत्तर तुम्हाला आधी ठरवून ठेवावे लागेल. शास्त्र एवढेच सांगते की दोन्ही वर्गांत एकाच वेळी तिला बसवता येणार नाही. न जन्मलेल्यांची अख्खी सेना उभी करण्याचा मोह झाला, तर अमेरिकी तत्त्वज्ञ विलर्ड क्वाइन यांनी १९४८ मध्ये घेतलेला आक्षेपही लक्षात ठेवा: रिकाम्या दारात उभ्या असू शकणाऱ्या शक्य माणसांची संख्या किती, आणि त्यांपैकी एक जाडा शक्य माणूस व दुसरा टकला शक्य माणूस हे एकच की वेगळे, हे ठरवण्याचा काहीच मार्ग नसतो. आईवडील ठरलेली एक न जन्मलेली मुलगी ओळखता येते. अशा दहा हजारांची मोजदादही करता येत नाही.

सेनापतीचा विचार प्रध्वंसाभावापासून सुरू करू. फुटलेल्या घड्याचा अभाव तो प्रध्वंस; त्याला आरंभ आहे, अंत नाही. जे नष्ट झाले ते पूर्वी होते, आणि ते होते ही गोष्ट नाश झाल्याने खोटी ठरत नाही. म्हणून नाश आणि पुसणे ही दोन निरनिराळी सामर्थ्ये आहेत आणि ती एकाच मांत्रिकाला सहजासहजी देऊ नयेत. शिवाय पुसण्यातही खोली कमीजास्त असते. सर्वांत उथळ पुसणे नोंदींतले. रोमचा सम्राट काराकाल्ला याने इ.स. २११ मध्ये आपला भाऊ गेटा याला ठार करवले आणि त्याचे नाव शिलालेखांतून, त्याची छबी चित्रांतून काढून टाकायला लावली. त्या राजकुटुंबाचे लाकडी फळीवर रंगवलेले एक चित्र आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात आईवडील आहेत, दोन मुलगे आहेत, आणि त्यांपैकी एकाच्या चेहऱ्याच्या जागी खरवडलेला डाग आहे. त्या डागामुळे पुसलेला मुलगाच सगळ्यांच्या आधी नजरेत भरतो. तुमचा सेनापती याच पातळीवर पुसलेला असेल, तर प्रत्येक खरवडलेली जागा त्याचा पत्ता सांगणार.

त्याहून खोल पुसणे स्मृतीतले, आणि सर्वांत खोल पुसणे कार्यकारणाच्या साखळीतले. या तिसऱ्या पातळीवर तुम्हाला अवघड निर्णय घ्यावा लागतो. सेनापतीने एक पूल बांधला होता. तो पुसला गेल्यावर पूल उभा आहे का? एक मार्ग असा की जग स्वतःला सावरून घेते आणि पूल दुसऱ्याच कोणीतरी बांधल्याचे ठरते. दुसरा असा की पूल राहतो, पण त्याला बांधणारा राहत नाही. मी नेहमी दुसऱ्या मार्गाची शिफारस करतो. पूल आहे, त्यावरून गाड्या जातात, दगडांवर छिन्नीचे घाव आहेत, पण तो कोणी बांधला या प्रश्नाला त्या जगात उत्तरच नाही. उत्तर हरवलेले नाही, मुळातच नाही. पहिल्या मार्गात सगळे छिद्र बुजवले जाते, आणि छिद्र बुजले की कथेला धरायला काही उरत नाही. सेनापतीला परत आणण्याचा विचार असेल तर न्यायाचा एक कडक नियम इथे उपयोगी पडतो: प्रध्वंसाचा प्रध्वंस होत नाही, कारण तो झाला तर फुटलेला घडा पुन्हा अवतरला असे मानावे लागेल. म्हणजे परत येणारा माणूस सेनापतीसारखा असेल, त्याच्या आठवणी बाळगणाराही असेल, पण तो सेनापती नसेल. हा नियम पाळलात तर त्याच्या बायकोने दार उघडण्याचा प्रसंग फार वेगळ्या वजनाने लिहावा लागेल.

अत्यंताभावाबद्दल थोडक्यात सांगतो. वायूत रूप, म्हणजे रंग, नाही, पूर्वी नव्हते, पुढे नसेल. असा तिन्ही काळांतला अभाव तो अत्यंताभाव. तो मिळवता येत नाही आणि गमावताही येत नाही. म्हणून साधनेने, यज्ञाने किंवा शापाने अत्यंताभावात गेलेले पात्र ही कल्पनाच चुकीची आहे. जे एखाद्या दिवशी सुरू झाले ते तिन्ही काळांचे नव्हे. हा प्रकार उलट्या बाजूने मात्र उत्तम चालतो. पात्राचा अभाव कल्पिण्याऐवजी पात्रात कशाचा तरी अभाव आहे असे ठेवा. ज्याच्यात भीतीचा अत्यंताभाव आहे, त्याच्यावर भीतीचे अस्त्र कमी परिणाम करत नाही. परिणाम हा शब्दच तिथे लागू होत नाही, जसे वाऱ्याला रंगवता येत नाही.

अन्योन्याभाव म्हणजे घडा हा पट, म्हणजे वस्त्र, नव्हे, हा भेद. तो सगळ्यांतच असतो, त्यामुळे नुसता असून उपयोगी नाही. नाव घेऊन, वर्णन करून किंवा ‘तू अमुकच आहेस’ असे ओळखून बांधण्याची जादू ज्या जगात चालते, त्या जगात ज्याच्यावर कोणतेच ‘हा अमुक’ बसत नाही असे पात्र निसटत राहते, आणि एवढेच त्याचे क्षेत्र. अशा पात्राला अंगावर पडणाऱ्या दगडापासून कसलेही संरक्षण नसते, हे बरेच लेखक विसरतात.

आता ‘ते’. इथे तुमच्यासमोर तीन वाटा आहेत आणि हस्तलिखितात तुम्ही तिन्हींवर एकदम चालता आहात. पहिली वाट अलीकाची, म्हणजे जे कधी असूच शकत नाही त्याची, जसे वंध्यापुत्र किंवा सशाचे शिंग. नैयायिक म्हणतात की मुळात अप्रसिद्ध असलेल्या प्रतियोगीचा अभावही सांगता येत नाही. ‘सशाचे शिंग नाही’ याचा अर्थ, इतरत्र आढळणारे शिंग सशावर नाही, एवढाच. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ अलेक्सियस माइनाँग यांनी मात्र १९०४ मध्ये असे मांडले की वर्तुळाकार चौकोन कुठेही नसला तरी तो वर्तुळाकार आहे आणि चौकोनी आहे. वस्तूचे स्वरूप तिच्या असण्यावर अवलंबून नाही. बर्ट्रंड रसेल यांनी १९०५ मध्ये त्यावर हरकत घेतली की अशा वस्तू मान्य केल्या तर विरोधाचा नियमच मोडतो. कथेपुरते पाहिले तर माइनाँग यांची भूमिका लेखकाला मोकळीक देते, पण अलीकाला गुण असले तरी कृती नसते. त्याच्याविषयी बोलता येते, त्याला घाबरता येते. ते स्वतः दार उघडू शकत नाही.

दुसरी वाट शून्यतेची, आणि ती तुम्ही सोडावी असे मी आग्रहाने सांगेन. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता म्हणजे अनस्तित्व नव्हे. वस्तूंना परावलंबनाविना असा स्वतःचा स्वभाव नाही, एवढे तिचे म्हणणे आहे, आणि ‘काहीच नाही’ हा अर्थ त्याने स्वतः नाकारला आहे. ‘आहे, नाही, दोन्ही आहे, दोन्ही नाही’ या चार कोटींना, म्हणजे चार पर्यायांना, चार मजले मानून सर्वांत वरच्या मजल्यावर सर्वांत बलवान पात्र बसवण्याची प्रथा अद्भुतकथांत रुजली आहे. नागार्जुन मात्र चौथ्या कोटीलाही थारा देत नाही, त्यामुळे त्या मजल्यावर कोणालाही बसवता येत नाही.

तिसरी वाट अद्वैत वेदांतातील प्रातिभासिकाची, म्हणजे फक्त भासापुरते असणाऱ्याची. दोरीवर भासणारा साप सत् नाही, कारण ज्ञान होताच तो बाधित होतो, म्हणजे खोटा ठरतो. असत्ही नाही, कारण सशाचे शिंग कधी दिसत नाही आणि हा तर समोर दिसला. तो आहे असे म्हणता येत नाही, आणि तरी त्याला पाहून सुटलेला घाम खरा असतो, मागे सरकताना पडून मोडलेला हात खरा असतो. तुमच्या ‘ते’चे वर्तन मी दोनदा वाचून तपासले, आणि ते याच जातीचे आहे: लोक त्याला पाहतात, पळतात, मरतात, आणि मागे दोरी उरते. हा प्रकार निवडलात तर त्याचा पराभव कशाने होईल हेही ठरून जाते. तलवारीने नाही, कारण साप तिथे नाही. प्रकाशाने, म्हणजे अधिष्ठानाच्या, ज्यावर भास झाला त्या दोरीच्या, ज्ञानाने. मग त्या जगातली दोरी कोणती, हा तुमच्या कथेचा खरा प्रश्न होतो, आणि सध्याच्या मसुद्यात त्याचे उत्तर कुठेच नाही.

तुमच्या पात्रांविषयी उठणारा दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे: जे नाही ते काही करते कसे? यालाही जुने आणि पक्के उत्तर आहे. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ असेल तर जाळत नाही, असे एक उदाहरण दर्शनग्रंथांत वारंवार येते. मीमांसा या दुसऱ्या दर्शनाचे पंडित, मीमांसक, म्हणाले की मण्यामुळे अग्नीतील दाहशक्ती नष्ट होते, म्हणून शक्ती हा वेगळा पदार्थ मानला पाहिजे. नैयायिकांनी ती गरज नाकारली. दाहाच्या कारणांत अग्नीबरोबर प्रतिबंधकाचा अभावही मोजावा, म्हणजे झाले. अभाव कारण होऊ शकतो, आणि तो ढकलून होत नाही, अडवणे थांबवून होतो. तुमच्या सेनापतीला हे जसेच्या तसे लावा. तो उत्तरेचे प्रवेशद्वार राखत होता. तो पुसला गेल्यावर त्याला कोणावर वार करण्याची गरजच नाही. ज्या दारावर त्याच्यामुळे कोणी चालून येत नव्हते, ते दार आता फक्त एक दार आहे. त्याचे सामर्थ्य पुसण्यापूर्वी तो काय काय अडवत होता तेवढेच, आणि म्हणून पहिल्या भागात त्याला पहारा देताना दाखवणे अपरिहार्य आहे.

मग अशा पात्राचा सुगावा कोणाला लागेल? मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन किंवा प्रमाण मानले: इथे असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून नाही. नैयायिकांना हे प्रमाण वेगळे मान्य नाही, पण दोघांनाही एक अट मान्य आहे की अभाव कळायला प्रतियोगी आधी ठाऊक असावा लागतो. ज्याने घडा कधी पाहिला नाही त्याला घड्याचा अभाव कळत नाही, फक्त जमीन कळते. सेनापती सर्वांच्या स्मृतीतून गेला असेल तर कथेतील एकाही पात्राला त्याचे नसणे जाणवू शकत नाही. प्रतियोगी ठाऊक असलेला एकटा वाचक उरतो. बाराव्या प्रकरणात तुमच्या दासीला ‘कोणीतरी कमी आहे’ असे वाटते, तिथे वाचक अडतात ते यामुळेच. तिला काहीतरी आठवू द्या, निदान त्याच्या अंगरख्याचे एक बटण तिच्या शिवणाच्या पेटीत राहू द्या, नाहीतर ते वाक्य काढून टाका.

राहिली तिघांची गाठ. मुलीला भूतकाळ नाही, सेनापतीला भविष्य नाही, त्यामुळे त्यांची थेट भेट होऊ शकत नाही. दोघांचे अभाव एकाच जिवंत माणसात राहत असतील तरच त्यांचा संघर्ष शक्य आहे. तो माणूस तुमच्याकडे तयार आहे. मुलीची भावी आई ही सेनापतीची मुलगी आहे, असे तुम्ही पाचव्या प्रकरणात ओझरते लिहिले आहे. तेव्हा सेनापती नोंदींतून किंवा स्मृतीतून पुसलेला असेल तर मुलगी सुरक्षित आहे. कार्यकारणातून पुसलेला असेल आणि पूल राहतो हा नियम तुम्ही स्वीकारला असेल, तर आई वडिलांशिवाय उरलेली आहे आणि मुलगी तरीही जन्मू शकते. जग स्वतःला सावरून घेते हा नियम असेल, तर आईचे वडील कोणी दुसराच ठरतो आणि जन्मणारी मुलगी ही ती मुलगी राहत नाही. ‘ते’ मात्र या दोघांनाही स्पर्श करू शकत नाही, कारण भासाला पाहणारा लागतो आणि या दोघांना डोळेच नाहीत. त्याचा धोका फक्त आईला आहे. म्हणून शेवटच्या प्रकरणातला प्रसंग तिघांच्या रणांगणावर न घडवता आईच्या खोलीत घडवा, आणि तो लिहायला घेण्यापूर्वी पुलाचा नियम कोणता, एवढे एक ठरवून घ्या.